सिंहगड चढणाऱ्याला फ्रान्समधल्या वेर्दों दरीचा रूत दे क्रेत हा डोंगरी फेरा सायकलवर जमेल का?

हो, नक्की जमेल, आणि एका सकाळीत होईल. सिंहगडाचा घाट सायकलवरून न उतरता चढत असाल तर ताकदीची काळजी सोडा. मी हा फेरा रोड बाइकवर केला आहे. ला पालू गावातून निघून तिथेच परत, साधारण 23 किलोमीटर. गाव 950 मीटरच्या आसपास आणि रस्ता 1,300 मीटरच्या वर जातो, पण चढ एकसलग नाही. वाटेत कठड्याशी थांबायला जागा आहेत, तिथे थांबाच: खाली शेकडो मीटरवर नदीची हिरवी-निळी रेघ दिसते आणि गिधाडं चक्क तुमच्या पायांखालून तरंगत जातात. 1999 पासून ती इथे पुन्हा आणून सोडली गेली.

दमछाक होते ती शेवटी. माथ्यावरून तीव्र उतार लागतो, वळणांवर बारीक खडी असते, म्हणून ब्रेक आधीच दाबा. त्यानंतर गावापर्यंत पुन्हा चढ आहे, आणि बहुतेक जण तो हिशेबात धरत नाहीत. मागच्या चाकाच्या कॅसेटमध्ये, म्हणजे गिअरच्या चकत्यांच्या संचात, सगळ्यात मोठी चकती 32 दातांची असली तर गुडघे दुआ देतील. दोन बाटल्या गावातच भरा, वर पाणी नाही.

एक अट मात्र आहे: रस्त्याचा काही भाग एकेरी आहे, त्यामुळे गावाच्या पूर्वेकडून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच जावं लागतं, आणि हिवाळ्यात बर्फामुळे हा रस्ता बंद असतो. सप्टेंबर उत्तम.