गटात चौघं, राबते एकटीच

प्रश्न : मी घोडबंदर रोडवरच्या एका शाळेत नववीला विज्ञान शिकवते. गटाला प्रकल्प दिला की एकच मुलगी रात्री जागून सगळं करते, दोघं नुसती नावं लावतात आणि चौथ्याची आई चार्ट रंगवून देते. मग पालकसभेत वाद. गटप्रकल्प बंदच करावेत का?
— एक शिक्षिका, ठाणे

उत्तर : बंद करू नका, काम बदला. सूर्यमालेचा चार्ट एकटीला जमतो, म्हणून ती एकटीच करते. तिचं काय चुकलं? मीही कितीतरी वर्षं हुशार मुलीला गटप्रमुख करायची आणि 'सहकार्य' या रकान्यात चौघांना सारखे गुण देऊन मोकळी व्हायची.

मग एकदा चौघांना ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या काठावर चार ठिकाणी उभं केलं : एक गडकरी रंगायतनकडे, एक कौपिनेश्वराच्या बाजूला, एक होड्यांपाशी, एक होड्यांच्या समोरच्या काठाला. सकाळी साडेसात आणि दुपारी एक, चौघांनी एकाच मिनिटाला दोरीने बाटली सोडून पाणी काढायचं आणि तापमान घ्यायचं. कितीही हुशार असली तरी एक मुलगी चार ठिकाणी कशी उभी राहणार? पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. त्यामुळे एकेका अंशाला किंमत होती.

दुपारी तिघांचे आकडे जुळले, चौथ्याचा तीन अंश कमी. गटप्रमुख म्हणाली, "खोडून आमच्यासारखा लिही." मी पेन काढून घेतलं. मागच्या बाकावरचा तो पोरगा बऱ्याच वेळाने पुटपुटला, "बाई, मला दिसत नव्हतं, मी थर्मामीटर बाहेर काढून वाचला." थर्मामीटरच्या ओल्या फुग्यावरचं पाणी वाऱ्याने उडतं, पारा उतरतो. बाष्पीभवनाचा धडा मी आधीच शिकवला होता, पण त्यांना तो त्या दिवशी कळला. अर्धा तास भांडले आणि चौघंही पुन्हा मोजायला गेले.

युक्ती माझी नाही. १९७१ साली अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि एकमेकांना पाण्यात पाहत होती. एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने धड्याचे तुकडे करून प्रत्येकाला एकच दिला. बाकीचा धडा हवा तर सोबत्याचं ऐकण्यावाचून गत्यंतर नाही.

गुणांचं म्हणाल तर निम्मे तोंडीला ठेवा, आणि प्रश्न दुसऱ्याच्या कामावर विचारा. अहवाल तासाला, वर्गातच लिहून घ्या.

तुम्हाला उपवन तलाव जवळ पडेल. काठावर प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस हवंच. त्या चार्ट रंगवणाऱ्या आईला बोलवा ना.