हॉटेल, हॉस्टेल आणि हॉस्पिटल हे इंग्रजी शब्द एकाच मुळातून आले आहेत का? ‘होस्टाइल’ही त्यातलाच का?

होय, पहिले तिन्ही अगदी सख्खे आहेत. तुम्ही शेवटी विचारलेला ‘होस्टाइल’, म्हणजे वैरभावाचा, तो चुलत. ‘होस्ट’ म्हणजे यजमान आणि ‘गेस्ट’ म्हणजे पाहुणा हेही याच कुळातले. कसे, ते सविस्तर सांगतो, कारण इंग्रजी शब्दांच्या कुळकथांमध्ये मला ही सर्वांत जास्त आवडते.

लॅटिनमध्ये ‘होस्पेस’ असा शब्द होता. त्याचा अर्थ पाहुणाही आणि यजमानही. त्यावरून ‘होस्पितालिस’, म्हणजे पाहुण्यासंबंधीचा, हे विशेषण झालं आणि त्यावरून ‘होस्पिताले’, म्हणजे पाहुण्यांना उतरवून घेण्याची जागा. आपल्याकडची धर्मशाळा डोळ्यांसमोर आणा. मध्ययुगीन युरोपात तीर्थयात्रेच्या वाटांवर, मठांच्या आश्रयानं अशा जागा होत्या. यात्रेकरू, भिकारी, निराधार म्हातारे, वाटेत तापानं फणफणलेला प्रवासी, सगळे एकाच छपराखाली. दवाखाना वेगळा, मुक्कामाची जागा वेगळी अशी विभागणी तेव्हा नव्हती, म्हणून शब्दही वेगळे नव्हते. जेरुसलेमला जाणाऱ्या यात्रेकरूंची सोय पाहणाऱ्या ‘हॉस्पिटलर’ पंथाला १११३ मध्ये पोपची मान्यता मिळाली, त्या नावातलं ‘हॉस्पिटल’ हे असं आहे.

इंग्लंडमध्ये या जुन्या अर्थाच्या खुणा आजही शाबूत आहेत. लंडनचं ‘रॉयल हॉस्पिटल चेल्सी’ दुसऱ्या चार्ल्स राजानं १६८२ मध्ये उभारायला घेतलं ते निवृत्त सैनिकांच्या निवासासाठी, आणि तिथे आजही निवृत्त सैनिकच राहतात. ‘क्राइस्ट्स हॉस्पिटल’ (स्थापना १५५२) ही तर चक्क शाळा आहे. टॉमस कोरम यांनी १७३९ मध्ये सनद मिळवलेलं ‘फाउंडलिंग हॉस्पिटल’ टाकून दिलेल्या मुलांसाठी होतं. हे वाचताना ‘इस्पितळात शाळा कशी?’ असा प्रश्न पडतो, पण चूक नावात नाही. शब्दाचा अर्थ आजाऱ्यांपुरता आक्रसला तो नंतर. लंडनच्या ‘स्पिटलफील्ड्स’ या भागाचं नावही तिथल्या ११९७ मध्ये स्थापन झालेल्या अशाच एका आश्रयस्थानावरून पडलं. बोलताना पुढचा ‘हॉ’ गळून गेला, इतकंच.

आता हॉस्टेल आणि हॉटेल. ‘होस्पिताले’ फ्रेंचांच्या तोंडी घासला जाऊन ‘होस्तेल’ झाला. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर जे हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत आले, त्यांच्या लाटेत ‘हॉस्टेल’ही आला. नंतर खुद्द फ्रेंचमध्ये अशा ठिकाणच्या ‘स’चा उच्चार थांबला आणि तो शब्द ‘ओतेल’ झाला. फ्रेंच लिहिताना त्या ‘ओ’वर जी छोटी टोपी काढतात, ती या हरवलेल्या ‘स’ची खूण. सतराव्या शतकात इंग्रजांनी तोच शब्द पुन्हा एकदा उचलला, या वेळी ‘स’ नसलेला, आणि तो झाला ‘हॉटेल’. म्हणजे एकच शब्द इंग्रजीत दोनदा आला, ‘स’ असताना एकदा आणि ‘स’ गेल्यावर एकदा. इंग्रजी कोशात असे जुळे शब्द बरेच सापडतात, पण इतकं स्वच्छ उदाहरण विरळा.

दोघांनी कामं मात्र वाटून घेतली. केंब्रिजमध्ये मध्ययुगात विद्यार्थी ज्या घरांत एकत्र राहत त्यांना हॉस्टेल म्हणत, तो अर्थ आपल्या वसतिगृहापर्यंत पोचला. हॉटेलला आधी श्रीमंतांच्या हवेलीचा वास होता. फ्रेंचमध्ये तो अजून आहे: ‘ओतेल द व्हील’ म्हणजे नगरपालिकेची इमारत आणि पॅरिसचं ‘ओतेल-द्यू’, शब्दशः देवाचं हॉटेल, हे शहरातलं सर्वांत जुनं रुग्णालय. इंग्रजीत पैसे देऊन राहण्याची जागा हा अर्थ अठराव्या शतकात रुळला. आपल्याकडे तो आणखी सरकला. महाराष्ट्रात ‘चल, हॉटेलात जाऊ’ म्हटलं की मिसळ आणि चहा, मुक्कामासाठी आपण लॉज शोधतो.

‘हॉस्पिस’ याच रांगेतला. आल्प्समध्ये ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत, सुमारे २,४७० मीटर उंचीवर, अकराव्या शतकापासून बर्फात अडकलेल्या वाटसरूंना आसरा देणारा मठ आहे, तो हॉस्पिस. मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा हा आजचा अर्थ पक्का झाला तो सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केल्यानंतर. मडगावच्या जुन्या सरकारी रुग्णालयाला गोवेकर ‘हॉस्पिसियो’ म्हणतात तेही यातलंच, पोर्तुगीजांकरवी आलेलं. आणि आपला ‘इस्पितळ’ हा शब्दही इंग्रजी नाही, पोर्तुगीज आहे. पोर्तुगीज सुरुवातीचा ‘ह’ उच्चारत नाहीत, म्हणून आपल्याकडेही तो आला नाही. इंग्रजांचं हॉस्पिटल इथे येण्याच्या कितीतरी आधी, सोळाव्या शतकात, गोव्यात जहाजांतून उतरणाऱ्या आजारी सैनिकांसाठी पोर्तुगीजांचं ‘ओस्पिताल रेआल’, म्हणजे राजाचं इस्पितळ, चालू होतं.

इथवरचं बऱ्याच कोशांत मिळेल. खरी गंमत ‘होस्पेस’च्या पोटात आहे. लॅटिन, संस्कृत आणि इंग्रजी ज्या एका प्राचीन भाषेतून निघाल्या, तिच्यातल्या ‘घोस्ति’ अधिक ‘पोति’ अशी भाषाशास्त्रज्ञ त्याची फोड करतात. ‘घोस्ति’ म्हणजे परका, पाहुणा. ‘पोति’ म्हणजे धनी, आणि हा आपल्याला परका नाही, कारण संस्कृतमधला ‘पति’ तोच. गणपती, सेनापती, राष्ट्रपती यांतला. म्हणजे ‘होस्पेस’ हा अक्षरशः ‘अतिथिपती’, आणि हॉस्पिटलमधला ‘पिट’ हा आपल्या ‘पती’चा लांबचा भाऊ. इंग्रजीतले ‘पोटेंट’ आणि ‘पॉवर’ही याच ‘पोति’कडे जातात. ऋग्वेदात ‘दम्पति’ हा शब्द एकवचनात घराचा धनी या अर्थी येतो. त्यातला ‘दम’ म्हणजे घर, लॅटिनमधला ‘दोमुस’. ग्रीकमध्ये त्याच दोन तुकड्यांचा ‘देस्पोतेस’ झाला आणि तिथून इंग्रजीत ‘डेस्पॉट’, जुलमी सत्ताधीश. आपल्याकडे मात्र त्याचं द्विवचन टिकलं आणि नवराबायको दोघंही घराचे धनी ठरले. मला हे फार सुंदर वाटतं.

‘होस्ट’ आणि ‘गेस्ट’ कसे जुळतात? मूळचा ‘घ’ लॅटिनमध्ये ‘ह’ झाला आणि जर्मन-इंग्रजी शाखेत ‘ग’. आपला हंस आणि इंग्रजीतला ‘गूज’ यांच्यातही हाच फरक आहे. तेव्हा ‘घोस्ति’चं लॅटिनमध्ये ‘होस्तिस’ झालं आणि इंग्रजीत ‘गेस्ट’.

आणि हा ‘होस्तिस’च तुमच्या ‘होस्टाइल’चा बाप. रोमन लेखक सिसेरो लिहून गेला आहे की आता आपण ज्याला परदेशी म्हणतो त्याला आपले पूर्वज ‘होस्तिस’ म्हणत. त्याच्या काळापर्यंत त्या शब्दाचा अर्थ शत्रू झालेला होता. जुन्या अर्थातला परका हा देवाणघेवाणीच्या नात्यातला होता: आज तू माझ्या दारी, उद्या मी तुझ्या. म्हणूनच एकाच शब्दात यजमान आणि पाहुणा दोघं मावत. फ्रेंचमध्ये ‘ओत’ अजूनही दोघांना म्हणतात. रोमन लोक अशा नात्याची खूण म्हणून एका छोट्या वस्तूचे दोन भाग करून एकेक जपून ठेवत, पुढच्या पिढ्यांनी ते जुळवून ओळख पटवायची. रोमचं राज्य वाढलं, शेजाऱ्यांशी लढाया झाल्या आणि दारात उभा असलेला परका कोणत्या हेतूनं आलाय ही शंका शब्दात मुरली. आपल्याकडे खेडेगावात अजूनही अनोळखी माणसाला ‘काय पाव्हणं, कुठलं गाव?’ असं विचारतात. तिथे परका आधी पाहुणाच ठरतो. जुन्या ‘होस्तिस’चा भाव मला या हाकेतून सर्वांत चांगला कळतो.

एक सावधगिरी. इंग्रजीत ‘होस्ट’ दोन आहेत. यजमान हा अर्थ ‘होस्पेस’कडून आला. जीवशास्त्रात परजीवी ज्याच्या अंगावर जगतो तो होस्ट आणि संगणकातलं ‘होस्टिंग’ ही त्याचीच वाढ. पण ‘अ होस्ट ऑफ प्रॉब्लेम्स’ म्हणतो त्यातला होस्ट हा ‘होस्तिस’चा: शत्रू, मग शत्रूचं सैन्य, मग कोणतंही सैन्य आणि शेवटी नुसता मोठा समुदाय.

‘गेस्ट’शी जुळणारा दिसतो म्हणून ‘घोस्ट’ मात्र या यादीत घालू नका. भुताचं मूळ वेगळं आहे.