मंत्री सभागृहात प्रश्नांना उत्तरं देतात, त्याने खाली खरंच काही फरक पडतो का?

तुम्ही विचारलंय की टीव्हीवर प्रश्नोत्तराचा तास बघितला तर नुसता आरडाओरडा दिसतो, मग त्या प्रश्नांनी कुठं रस्ता होतो, कुठं निधी येतो, का सगळं नुसतं नावाला? मी सोलापूरचा, एका सरकारी ऑफिसात कारकून म्हणून नोकरी काढली, आता रिटायर आहे. मंत्री जे उत्तर वाचतात त्याचा कच्चा माल आमच्यासारख्यांच्या टेबलावरून वर जातो, म्हणून तिथलंच सांगतो. फरक पडतो, पण तुम्ही बघताय तिथं नाही. प्रश्न आला की उत्तर द्यायच्या आधीच्या चार-आठ दिवसांत खाली कुणाला तरी उठून मोजायला लागतं, खरा फरक तिथं पडतो.

अधिवेशन लागलं की रजा बंद, परवानगीशिवाय मुख्यालय सोडायचं नाही असा आदेश निघायचा. मग संध्याकाळी साडेपाचला, सगळे डबे भरून निघायच्या बेतात असताना मेल यायचा, 'तारांकित प्रश्न, अत्यंत तातडीचे', म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, माहिती उद्या सकाळी अकराच्या आत. आपल्या विधानसभेतला प्रश्न ठरलेल्या भाषेत असतो. अमुक गावात तमुक अडचण आहे, हे खरे आहे काय. असल्यास शासनाने चौकशी केली आहे काय व काय कार्यवाही केली. नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत. आता ह्यातली मेख बघा, पहिल्या भागाला 'हे खरे नाही' असं लिहिलं की खालच्या दोन्ही भागांना 'प्रश्न उद्भवत नाही' लिहून मोकळं होता येतं, तीन ओळींत काम संपतं आणि रात्री नऊच्या आत घरी जाता येतं. 'होय' लिहिलं तर चौकशीचे कागद जोडा, कारणं द्या, साहेबांना समजावून सांगा. तालुक्याकडून माहितीच आली नाही तर रकान्यात 'निरंक' टाकायचं. निरंक म्हणजे तिथं काहीच नाही, का कुणी बघितलंच नाही, हे वर कुणालाच कळत नाही.

एका वर्षी अक्कलकोटकडच्या एका गावच्या ओढ्यावरच्या फरशी पुलाचा प्रश्न आला. पावसाळ्यात पुलावरून पाणी जातं आणि पलीकडच्या वस्तीवरची पोरं शाळेला मुकतात, हे खरे आहे काय. खालून उत्तर आलं, हे खरे नाही, पर्यायी रस्ता उपलब्ध आहे. आमच्या शेजारच्या टेबलावर एक मॅडम होत्या, त्यांचं माहेर तिकडचंच, त्या म्हणाल्या पर्यायी रस्ता कुठला आलाय ओ तिथं, मला तर माहीत नाही. त्यांनी रात्री आठ वाजता शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन लावला आणि हजेरीपटाचे फोटो मागवले. आम्ही दोघं ते मोबाइलवर मोठे करून बघत बसलो. वस्तीवरची अकरा पोरं, आणि जुलै ते सप्टेंबर एकोणीस दिवस असे की अकराच्या अकरा नावांपुढं एकाच तारखेला गैरहजेरी. बाकी गावातली पोरं त्या दिवशी हजर. ते बघितल्यावर 'हे खरे नाही' लिहायला हात धजला नाही. साहेबांनीही आढेवेढे न घेता बदल केला, 'हे अंशतः खरे आहे' असं गेलं आणि मग तिसऱ्या भागात काहीतरी लिहायलाच लागलं की अंदाजपत्रक तयार करण्याची कार्यवाही सुरू आहे. तोवर अंदाजपत्रक झालेलंच नव्हतं, त्या वाक्यासाठी म्हणून ते सुरू करायला लागलं. पूल व्हायला पुढं तीन वर्षं गेली. पण अंशतः हा शब्द पडला नसता तर फाईलच उघडली नसती, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

टीव्हीवर दिसतो तो फार थोडा भाग. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न असतात, त्यांचं उत्तर तोंडी द्यायचं असतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो. तासाभरात त्यातले सगळे क्वचितच होतात. पण त्याच दिवशी २३० अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरं सभागृहाच्या पटलावर, म्हणजे सभागृहापुढं, ठेवली जातात, राज्यसभेत १५ आणि १६०. ही लेखी उत्तरं कुणी वाचत नाही आणि माल तिथंच असतो, विशेषतः शेवटी जोडलेल्या विवरणपत्रात. रस्त्याला मंजूर किती, खर्च किती, काम कुठवर आलं, एका ओळीत. आणि मंत्र्याने 'माहिती गोळा करण्यात येत आहे, पटलावर ठेवली जाईल' असं म्हटलं की सुटला असं समजू नका, ते आश्वासन धरतात, लोकसभेत ते तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं आणि त्यासाठी शासकीय आश्वासन समिती मागं लागते. मुदतवाढ मागतात, पण आश्वासन पुरं होईपर्यंत किंवा समितीने ते वगळेपर्यंत वहीतून नाव जात नाही.

पैशाच्या बाबतीत तर प्रश्नाने अर्थमंत्री गेलेत. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाने, म्हणजे लोकांच्या हप्त्यांच्या पैशातून, हरिदास मुंदडा या उद्योजकाच्या सहा कंपन्यांचे शेअर घेतले, त्यावर लोकसभेत प्रश्न आला. काँग्रेसचे खासदार फिरोज गांधींनी तर आपल्याच पक्षाच्या सरकारला धारेवर धरलं, न्यायमूर्ती छागलांनी केलेली चौकशी लोकांसमोर उघडपणे झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. उलटी बाजूही आहे, पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये ११ खासदारांची खासदारकी गेली. प्रश्नाला किंमत आहे म्हणून तर कुणी पैसे मोजले ना.

आता मला सगळ्यात जास्त खटकतं ते सांगतो. रस्त्याचा प्रश्न असो नाहीतर निधीचा, उत्तराच्या तळाशी लोकसंख्येचा आकडा असतो आणि तो आकडा अजून २०११ चा आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा चौथा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झाला, २०२८-२९ पर्यंत चालणार, ७०,१२५ कोटींचा. त्यात सपाट प्रदेशातल्या वस्तीला रस्ता हवा तर लोकसंख्या ५०० च्या वर पाहिजे, आणि ती २०११ च्या जनगणनेप्रमाणे. तेव्हा ४७० होती आणि आज ७०० झाली असली तरी कागदावर ४७० च. खासदाराने विचारलं की ह्या वस्तीला रस्ता का नाही, तर उत्तर येणार निकषात बसत नाही, आणि ते उत्तर खोटं नाही. रेशनचंही तेच, अन्न सुरक्षा कायद्यात ग्रामीण भागातले ७५ टक्के आणि शहरातले ५० टक्के लोक धरलेत, पण टक्के कशाचे, तर २०११ च्या आकड्याचे.

आमच्या इथंच बघा की. सोलापूर शहर २०११ ला ९ लाख ५१ हजार होतं. त्यानंतर शहराबाहेर कुंभारीला विडी कामगार, यंत्रमाग कामगारांसाठी ३० हजार घरांचं रे नगर उभं राहिलं, माकपचे माजी आमदार नरसय्या आडम, म्हणजे आमच्या आडम मास्तरांनी त्यासाठी लई वर्षं झगडा केला, आणि १९ जानेवारी २०२४ ला त्यातल्या १५ हजार घरांचं लोकार्पण झालं. एक घर चार-पाच माणसांचं धरा. २०११ च्या कुंभारीत ही माणसं नाहीत, ती जुन्या गल्ल्यांत मोजली गेलीत. मग कुंभारीला बस किती, पाणी किती, दवाखाना किती असा प्रश्न आला तर खालचा कारकून कुठला आकडा लिहिणार? मी त्या खुर्चीवर असतो तर मलाही २०११ चाच लिहायला लागला असता. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ जाहीर झालीय. मोजणारे दारात आले की माणसांनी दोन मिनिटं काढून नीट माहिती द्यावी, हे मी आमच्या गल्लीत प्रत्येकाला सांगतोय.

आणि तुमच्या गावचा विषय असेल तर नुसतं 'रस्ता खराब आहे' असं निवेदन घेऊन आमदाराकडं जाऊ नका, त्याचा प्रश्न झाला तरी 'हे खरे नाही' म्हणून परत येईल. तारखा घेऊन जा. पाणी कधी आलं, बस कुठल्या दिवशी आली नाही, शाळेचा हजेरीपट, ग्रामसभेचा ठराव, फोटो. आणि जायचं ते अधिवेशनाच्या महिना-दीड महिना आधी, कारण प्रश्नाची सूचना बरीच आधी द्यावी लागते आणि आमदारांचे पीए ऐनवेळी आलेला कागद ठेवून घेतात फक्त.