लढाईचा ‘वर्धापनदिन’ नसतो, आणि ‘संक्रांत’ पानिपतची नाही

प्रश्न असा आलाय: “१४ जानेवारीला आमचं मंडळ पानिपतच्या लढाईवर व्याख्यान ठेवतंय. फ्लेक्सवर ‘पानिपत युद्धाचा वर्धापनदिन’ असं टाकलंय, पण एक काका म्हणतात की चूक आहे. काय लिहावं? आणि ‘संक्रांत कोसळणे’ हा वाक्प्रचार पानिपतवरूनच आला ना? व्याख्यानात तेही घ्यायचंय.”

काकांचं बरोबर आहे, फ्लेक्स छापून झाला नसेल तर बदला. ‘वर्धापन’मध्ये ‘वृध्’ धातू आहे, वाढणे. आपला वाढदिवस त्याच घरातला, हिंदीतली बधाई आणि गुजरातीतली वधामणीही तिथलीच. संस्कृत नाटकात कुणाचं अभिनंदन करायचं तर ‘दिष्ट्या वर्धते भवान्’ म्हणतात, म्हणजे सुदैवाने तुमची भरभराट होतेय. त्यामुळे वर्धापनदिन पतसंस्थेचा असतो, वाचनालयाचा असतो, जे सुरू झालं आणि अजून चालू आहे, वाढतंय त्याचा असतो. एका दिवसात हजारो माणसं कापली गेली त्या गोष्टीला भरभराटीच्या शुभेच्छा कशा देणार? इंग्रजीत लग्नाला, कंपनीला आणि युद्धाला एकच शब्द चालतो, तो आपण डोळे मिटून उचलतो आणि मग हे असं होतं. २०२४ साली कारगिलला २५ वर्षं झाली तेव्हा ‘कारगिल युद्धाचा रौप्यमहोत्सव’ हे इतक्या वेळा कानावर आलं की टीव्ही बंद करावासा वाटला. महोत्सव विजयाचा होतो, युद्धाचा कसला! २६ जुलैला आणि १६ डिसेंबरलाही सैन्य ‘विजय दिवस’च म्हणतं, त्यांना फरक नीट कळतो. पानिपतजवळ काला आंब इथे १४ जानेवारीला लोक जमतात ते ‘शौर्य दिन’ म्हणून. तुम्हीही शौर्यदिन लिहा किंवा स्मृतिदिन लिहा. पुण्यतिथी नको, ती माणसाची असते.

आता संक्रांत.

दर जानेवारीत कुणी ना कुणी व्याख्याता छातीठोकपणे सांगतो की पानिपतची लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली आणि तेव्हापासून मराठीत ‘संक्रांत कोसळणे’ आलं. टाळ्याही पडतात. पण १४ जानेवारी १७६१ ला संक्रांत नव्हतीच. संक्रांत १४ जानेवारीला बांधलेली नाही, साधारण ७०-७२ वर्षांत ती इंग्रजी कॅलेंडरवर एक दिवस पुढे सरकते, म्हणून तर आता ती कधीकधी १५ ला येते. ह्यासाठी ज्योतिषी असायला नको. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि तो मकर संक्रांतीचा दिवस होता हे त्यांच्या चरित्रात वाचायला मिळतं. १८६३ ला जी १२ तारखेला होती ती त्याच्या शंभर वर्षं आधी १४ ला कशी असेल? ती ९-१० जानेवारीच्या सुमारास होऊन गेलेली होती. लढाईचा दिवस पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. ‘चार दिवस इकडेतिकडे, सुमार तोच की’ असं म्हणणारे विद्वानही आहेत, त्यांना माझं एवढंच म्हणणं आहे की मग वाक्प्रचार ‘अष्टमी कोसळणे’ का नाही झाला?

दुसरा पुरावा व्याकरणाचा आहे आणि तो मला जास्त पक्का वाटतो. पानिपतवरून खरंच जो वाक्प्रचार आला तो बघा: ‘त्याचं पानिपत झालं’. ‘त्याचं’, आणि ‘झालं’. आणि हा बघा: ‘त्याच्यावर संक्रांत आली’. ‘वर’, आणि ‘आली’. हे ‘वर’ कुठून आलं ते पंचांग उघडलं की कळतं. आपल्याकडे संक्रांत ही एक देवी आहे, दरवर्षी ती वेगळ्या वाहनावर बसून येते, कधी वाघ कधी हत्ती, हातात शस्त्र, अंगावर ठराविक रंगाचं वस्त्र, अमुक दिशेकडून येते, अमुक दिशेला जाते, अमुक दिशेला बघते. ती जे नेसते, जे खाते, जिकडे बघते त्याचं काही खरं नाही, अशी समजूत. म्हणून बायका म्हणतात ‘यंदा संक्रांत पिवळ्यावर आहे’ आणि त्या वर्षी पिवळी साडी घेत नाहीत. पिवळ्यावर संक्रांत, काळ्यावर संक्रांत, तशीच माझ्या प्रमोशनवर संक्रांत. ह्याला अब्दालीची काही गरज नाही. सणाच्या दुसऱ्या दिवशीची किंक्रांतही अशुभच मानतात, तो करिदिन. भीती त्या सणातच आहे, लढाईतून आलेली नाही.

आणि खरं सांगायचं तर संक्रांतीचा युद्धाशी संबंध आहे, फक्त तो ह्या व्याख्यात्यांना दिसत नाही कारण तो तारखेत नाही, धातूत आहे! संक्रांती म्हणजे सम् अधिक क्रम्. क्रम् म्हणजे पाऊल टाकणे. सूर्य एका राशीतून पाऊल उचलून दुसरीत टाकतो ती संक्रांत. आता ह्याच क्रम्ची बाकी पोरं बघा: आक्रमण, पराक्रम, अतिक्रमण, विक्रम. विक्रम हा शब्द तर इतका सुंदर आहे, मुळात तो म्हणजे लांब टाकलेली ढांग, तीन ढांगांत तिन्ही लोक व्यापणारा विष्णू तो त्रिविक्रम, मग ढांगेचं शौर्य झालं आणि आता क्रिकेटमध्ये मोडतात तोही विक्रमच. आणि पानिपत झालं त्या शके १६८२ च्या संवत्सराचं नाव काय? विक्रम. हे मी पहिल्यांदा मोजून काढलं तेव्हा पुन्हा दोनदा मोजलं.

माझं मत असं आहे, आणि मी ते सोडणार नाही, की आपल्या भाषेत युद्ध हाताने होत नाही, पायाने होतं. चाल करून जाणे, चालून येणे, चढाई, कूच, पायदळ, पाय रोवून उभं राहणे, काढता पाय घेणे, पळ काढणे, सगळं पायांचं. मोहिमेची सुरुवात दसऱ्याला, आणि तिचं नाव सीमोल्लंघन, तेही उडी मारून पलीकडे जाणंच. मला हे साहजिक वाटतं, कारण १७६० च्या मार्चमध्ये परतूरहून निघालेली फौज पानिपतपर्यंत मजल-दरमजल करत गेली, लढण्याचा दिवस एक आणि चालण्याचे महिने. एका जाणकारांनी मला ‘हातघाई’ दाखवून हे खोडून काढलं असं त्यांना वाटतंय. हातघाई ही लढाईची शेवटची पायरी आहे, आणि पाय तिथपर्यंत पोचल्याशिवाय हात काय करणार? शिवाय एका शब्दाने अख्खी रांग पडत नाही. त्यांनी अजून चार हाताचे शब्द आणावेत, मग बोलू.

तर व्याख्यानात खरंच पानिपतचा म्हणावा असा शब्द हवा असेल तर संक्रांत सोडा आणि ‘खुर्दा’ घ्या. पराभवाची बातमी सावकारी चिठ्ठीतून आली, त्यात उघड काही लिहिलेलं नव्हतं: मोती गळाले, मोहरा गेल्या, आणि खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे मोठे सरदार. खुर्दा हा फारसी शब्द, अर्थ बारीक, चिल्लर. गावांच्या नावातलं ‘खुर्द’ त्याच घरातलं, मोठं गाव बुद्रुक आणि धाकटं खुर्द. चिठ्ठीतला खुर्दा म्हणजे साधे शिपाई, बारगीर, बाजारबुणगे. ह्यावर पंधरा मिनिटं सहज बोलता येईल, आणि त्यात खोटं काही सांगावं लागणार नाही.