वाचकांचे प्रश्न : ‘प्रेमळ पती, वत्सल पिता’च्या पुढे काय लिहू?

प्रश्न : बाबांना जाऊन आठ महिने झाले. गवंडीकामापासून सुरुवात करून पुढे ते स्वतः घरांची कंत्राटं घेऊ लागले. पहिल्या स्मृतिदिनाला घरच्यांसाठी छोटी पुस्तिका काढायचं ठरलंय आणि लिहिण्याचं काम माझ्याकडे आलंय. ‘प्रेमळ पती, वत्सल पिता, कुशल बांधकाम व्यावसायिक’ या ओळीपुढे गाडी सरकत नाही. आईला विचारलं तर ‘काय सांगू, चांगले होते’ म्हणते. शिवाय एक गोष्ट मनात सलतेय. शाळेत मला पहिलं बक्षीस मिळालं त्या समारंभाला बाबा आले नाहीत, कारण त्या दिवशी स्लॅब होता. हे लिहावं का? धाकटा भाऊ नको म्हणतो.

उत्तर : ती ओळ आधी खोडा. चूक काही नाही तिच्यात, पण ती कुणाच्याही वडिलांच्या फोटोखाली चालेल. मीही गवंड्याचीच मुलगी. माझे वडील गेले तेव्हा मी जे लिहिलं त्यात ‘कर्तव्यनिष्ठ’ हा शब्द दोनदा आला होता. तो कागद नंतर मी कुणाला दाखवला नाही.

आईला ‘बाबा कसे होते’ असं विचारू नका. एवढ्या मोठ्या प्रश्नाला माणूस ‘चांगले होते’ म्हणूनच मोकळा होणार. कामावरून आल्यावर ते आधी काय करायचे, ते विचारा. माझ्या आईला मी हे विचारलं, तर ती पटकन म्हणाली, “हात पुढे करायचे.” ओलं सिमेंट कातडी खातं. पेरांना भेगा पडतात, त्यांत कण अडकून बसतात. आई रोज रात्री एकेका भेगेत तेल भरायची आणि एरवी साइटवर आरडाओरडा करणारा तो माणूस तेवढा वेळ मुकाट बसायचा. त्यांच्या संसाराबद्दल मला हेच लिहायचं होतं आणि नेमकं हेच सुचलं नव्हतं.

मग त्यांच्या हाताखाली काम केलेल्यांना भेटा. फोनवर नको, चालू कामावर जा. हातात थापी असली की ही माणसं मोकळी बोलतात. बाबा विटा न भिजवता लावू द्यायचे का, ते विचारा. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी ओढून घेते आणि सांधा धरत नाही, पण भिंत उभी राहिल्यावर ते कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही. खोलीचा काटकोन कसा काढायचे, तेही विचारा. माझे वडील दोरी घ्यायचे. कोपऱ्यापासून एका बाजूला 3 फुटांवर खूण, दुसऱ्या बाजूला 4 फुटांवर, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर 5 भरलं की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात. पायथागोरसचं नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या वहीतला समास वाकडा दिसला की ते काही बोलायचे नाहीत, एक डोळा मिटून वही लांब धरायचे.

आमची सहल म्हणजे सुट्टीच्या दिवशी नव्या स्लॅबला पाणी मारायला जाणं. सिमेंट वाळून घट्ट होतं असं पुष्कळांना वाटतं. ते पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं, म्हणून स्लॅब निदान 7 दिवस ओला ठेवायचा. पूर्ण ताकद तर 28 दिवसांनी तपासतात. स्लॅबवर मसाल्याचे छोटे बांध घालून वाफे केलेले असत, त्यांत घोटाभर पाणी. मी त्यात पाय बुडवून बसायची आणि वडील बांध कुठे फुटलाय का, बघत फिरायचे.

आता समारंभाचं. लिहा, आणि भावाला माझं नाव सांगा. फक्त पूर्ण लिहा. काँक्रीट ओतायला घेतलं की मन मानेल तिथे थांबता येत नाही. आधीचा थर आवळला आणि त्यावर नवा पडला तर दोन्ही एकजीव होत नाहीत. तिथे ‘कोल्ड जॉइंट’ राहतो आणि गळती बहुतेकदा तिथूनच सुरू होते. त्यात मिस्त्री जरा बाजूला गेला की कुणीतरी मालात जास्तीचं पाणी घालतं, कारण पातळ माल पसरायला सोपा. तेवढ्यानं स्लॅबची ताकद उतरते. बाबा तिथून का हलू शकले नाहीत, हे वाचणाऱ्याला कळू द्या. तुम्ही त्या दिवशी कुठे बसला होतात, दाराकडे किती वेळा पाहिलंत, हेही कळू द्या. यातलं एक गाळलंत तर नुसती तक्रार होईल, दुसरं गाळलंत तर वकिली.

आणि रात्री बाबा घरी आल्यावर काय झालं? पत्रात ते तुम्ही लिहिलेलंच नाही. पुस्तिकेची सुरुवात तिथून करा.

प्रश्न : आमचं घर यजमानांनी स्वतः उभं राहून बांधलं. आता एका भिंतीला तडा गेलाय. मुलगा इंजिनिअरला बोलावतो म्हणतो. मला ते त्यांच्या कामाला नावं ठेवल्यासारखं वाटतं.

उत्तर : बोलवा हो. विटांची भिंत आणि काँक्रीटचा कॉलम जिथे भेटतात तिथे केसासारखी चीर चांगल्या कामातही पडते, कारण दोन्ही उष्णतेनं सारखे प्रसरण पावत नाहीत. तिरका, रुंद होत जाणारा तडा मात्र वेगळा. इंजिनिअर येईपर्यंत तड्याची दोन्ही टोकं पेन्सिलीनं खुणा करून ठेवा आणि शेजारी तारीख लिहा. जुने मिस्त्री तड्यावर आडवी काचेची पट्टी घट्ट बसवून ठेवायचे. भिंत हलली की काच तडकते. यजमानांच्या हत्यारांच्या पेटीत अशी एखादी पट्टी आहे का, बघा.