विश्लेषणात्मक रसायनशास्त्रज्ञाचा एच-इंडेक्स गूगल स्कॉलर आणि स्कोपसवर वेगळा का? अर्जात कोणता द्यावा?

एच-इंडेक्स 12 म्हणजे किमान 12-12 सायटेशन (इतरांच्या पेपरमधले उल्लेख) मिळालेले 12 पेपर. दोन्ही आकडे बरोबर असू शकतात. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (तज्ज्ञ-तपासणीआधीच टाकलेले पेपर) सगळंच मोजतं; स्कोपस हा शोधनिबंधांचा डेटाबेस निवडक प्रकाशनंच धरतो. म्हणून आकड्यापुढे स्रोत आणि तारीख लिहा.

आधी प्रोफाइल साफ करा. आद्याक्षरांच्या घोळामुळे स्कोपसवर एकाच माणसाच्या दोन-तीन प्रोफाइल होतात, सायटेशन वाटली जातात आणि इंडेक्स पडतो. त्या एकत्र करायची विनंती पाठवा, ऑर्किड (ORCID, संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) जोडा. स्कॉलरवर उलटं, नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचेच पेपर घुसतात.

पण या विषयात एच-इंडेक्स तोकडाच. 12 पेपरना प्रत्येकी 12 सायटेशन असोत, की त्यातल्या एकाला 5000, इंडेक्स 12च. 2003 सालची क्वेचर्स (QuEChERS) ही नमुन्यातून कीटकनाशकं वेगळी काढायची पद्धत घ्या. फळा-भाज्यांतले कीटकनाशकांचे अंश तपासणाऱ्या असंख्य लॅब हीच पद्धत थोडाफार फेरफार करून रोज वापरतात. पण नमुना तपासून रिपोर्ट देणारा पेपर थोडाच लिहितो? या पद्धतीवरून ईएन 15662 (युरोपीय) आणि एओएसी 2007.01 (अमेरिकेतल्या एओएसी संस्थेचं) ही मानकं झाली, ती इंडेक्समध्ये दिसत नाहीत. तुमची पद्धत एखाद्या मानकात गेली असेल, तर मानकाचा क्रमांक अर्जात वेगळा, ठळक द्या.