लॅक ओपेरॉनची आकृती पाठ करू नका
जनुकांचं नियंत्रण शिकताना सुरुवात लॅक ओपेरॉननेच करा (लॅक्टोज ही दुधातली साखर वापरायला लागणारा, एकत्र चालू-बंद होणारा जनुकांचा गट), पण म्युटंटवरून, म्हणजे डीएनएत बदल झालेल्या जिवाणूंवरून. जॅकोब आणि मोनो या शास्त्रज्ञांनी 1961 मध्ये या नियंत्रणाचं मॉडेल मांडलं, तेही ई. कोलाय या जिवाणूचे म्युटंट तपासूनच. रिप्रेसरचं (ही जनुकं बंद ठेवणाऱ्या प्रथिनाचं) जनुक निकामी झालं, तर पेशीत त्याची धड प्रत घातली की नियंत्रण परत येतं, कारण रिप्रेसर हे पेशीभर फिरणारं प्रथिन आहे. ऑपरेटर (रिप्रेसर जिथे चिकटतो ती जागा) बिघडला तर मात्र दुसऱ्या प्रतीचा काही उपयोग नाही. तो डीएनएचा तुकडा, त्याचा अंमल लगतच्या जनुकांपुरताच. फार सुंदर तर्क आहे हा, कागदावर स्वतः सोडवून बघाच. आणि ग्लुकोज विसरू नका: ते भरपूर असेल तर लॅक्टोज असूनही ही जनुकं जेमतेमच चालतात. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचा ओपेरॉन त्यानंतर घ्या.